काट्यांत, तुम्ही?

स्पेनच्या बास्क मुलखात, दोनोस्तिया शहरात, मी ज्या आजींच्या घरी भाड्यानं राहत होते त्यांचं नाव अरान्चा. आपल्याकडे हे नाव टेनिसमुळे पोचलं. 1989 मध्ये सतरा वर्षांच्या अरान्चा सांचेझनं स्टेफी ग्राफला हरवून फ्रेंच स्पर्धा जिंकली होती. आजी म्हणाल्या, हे लाडाचं रूप. पूर्ण नाव आरान्त्सासू.

त्यामागची गोष्ट त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलेली. 1469च्या सुमारास बास्क मुलखातल्याच ओन्याती गावाच्या डोंगरात रोद्रिगो दे बाल्त्सातेगी या मेंढपाळाला काटेरी झुडपात मेरीमातेची लहानशी मूर्ती दिसली, शेजारी गुराच्या गळ्यातली घंटा. तो उद्गारला, ‘आरान्त्सान सू?’ काट्यांत, तुम्ही? ‘तू’साठी बास्कमध्ये ‘हि’ आहे; मेंढपाळानं मानाचं ‘सू’ वापरलं. तेव्हा तिथे दुष्काळ होता, घराण्याघराण्यांत रक्त सांडत होतं. मूर्ती सापडली आणि दोन्ही थांबलं, असं सांगतात. इतिहासकार एस्तेबान दे गारिबाय यानं सोळाव्या शतकात ही कथा लिहून ठेवली, तीसुद्धा मेंढपाळाला ओळखणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून.

भाषातज्ज्ञ नावाची फोड वेगळी करतात: ‘आरान्त्सा’ म्हणजे काटा, पुढचा ‘सू’ विपुलता दाखवणारा प्रत्यय, म्हणून काटेरी झाडांची जागा. मला ते पटतं. पण दुष्काळात होरपळलेल्या माणसांना त्या जागेत काय दिसलं, हे आजीची गोष्टच सांगते.

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत, 1938च्या हुकुमानं, नोंदवहीत बास्क नावांना बंदी आली. मिरेन, नेकाने अशी नावं कागदावर मारिया, दोलोरेस झाली. आरान्त्सासू मात्र त्या मूर्तीमुळे मेरीमातेचंच नाव, त्यामुळे स्पॅनिश वळणानं ते चाललं. आजींच्या दाखल्यावर ‘मारिया आरांथाथू’ लागलं. घरात कुणी त्यांना त्या नावानं हाक मारली नाही. एवढी वर्षं उलटूनही हे सांगताना त्यांचा आवाज चढला, आणि मलाही राग आला. मुलीचं नाव आईच्या तोंडी एक आणि सरकारी शाईत दुसरं, हा अन्यायच.

मूर्ती सापडली त्याच डोंगरावर 1950 मध्ये नव्या मंदिराचं काम सुरू झालं. त्याच्या मनोऱ्यांवर काट्यांसारखे टोकदार दगड आहेत. हुकूमशाही चालू असतानाच, 1968 मध्ये, बास्क भाषा अकादमीची मंडळी तिथे जमली आणि विखुरलेल्या बोलींसाठी एक प्रमाण लेखनरूप ठरवू लागली. 1977च्या कायद्यानं नावांवरचं बंधन उठलं. आजींनी अर्ज करून दाखला बदलून घेतला.