सुपरऑक्साइड डिसम्यूटेजाचे मापन

सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे ऑक्सिजनावर जगणाऱ्या बहुतेक सजीवांत आढळणारे एंझाइम आहे. श्वसनात ऑक्सिजनाचा अल्प अंश एकच इलेक्ट्रॉन स्वीकारून सुपरऑक्साइड हा विक्रियाशील मूलक बनतो. अशा दोन मूलकांपासून हे एंझाइम ऑक्सिजन व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. ऑक्सिडीकारक ताणाच्या अभ्यासात मानवी नमुन्यांतील त्याची क्रियाशीलता मोजतात.

टी. मान व डी. केलिन यांनी १९३८ मध्ये गुरांच्या रक्तातून तांबेयुक्त प्रथिन वेगळे करून त्यास हीमोक्युप्रीन हे नाव दिले. मानवी तांबड्या कोशिकांतील तशाच प्रथिनास पुढे एरिथ्रोक्युप्रीन म्हणू लागले. त्याचे कार्य मात्र सुमारे तीस वर्षे अज्ञात होते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. एम. मॅकॉर्ड व आय. फ्रिडोव्हिच यांनी १९६९ मध्ये ते एंझाइम असल्याचे दाखविले.

सुपरऑक्साइड क्षणभंगुर असल्याने नेहमीच्या प्रयोगशाळेत त्याचा ऱ्हास प्रत्यक्ष मोजणे कठीण असते. म्हणून या दोघांनी अप्रत्यक्ष मार्ग योजला. झँथीन ऑक्सिडेजाने निर्माण केलेल्या सुपरऑक्साइडामुळे सायटोक्रोम-सीचे क्षपण होते व ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण वाढते. नमुन्यातील एंझाइम हा वेग मंदावते. वेग निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे एक एकक, असे ठरले. पुढे एच. पी. मिश्रा व फ्रिडोव्हिच यांनी १९७२ मध्ये ॲड्रेनॅलिनाच्या, तर एस. मार्क्लुंड व जी. मार्क्लुंड यांनी १९७४ मध्ये पायरोगॅलॉलाच्या स्वयं-ऑक्सिडीकरणावर आधारित पद्धती सुचविल्या. भारतात पी. कक्कर, बी. दास व पी. एन. विश्वनाथन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली नायट्रोब्ल्यू टेट्राझोलियमाची सुधारित पद्धत येथील प्रयोगशाळांत रूढ झाली.

या पद्धतींतील दर्शक, अम्लता व सुपरऑक्साइडाचा उगम निरनिराळे असल्याने ‘एकक’ हा शब्द समान असला, तरी त्याचे मूल्य समान नसते. नमुन्याचीही काळजी घ्यावी लागते. तांबड्या कोशिकांच्या द्रवातील हीमोग्लोबिन मापनात अडथळा आणते, म्हणून ते एथॅनॉल व क्लोरोफॉर्म यांनी अवक्षेपित करतात आणि निष्कर्ष दर ग्रॅम हीमोग्लोबिनामागे देतात. रक्तद्रवात या एंझाइमाचे प्रमाण फार कमी असते. त्यामुळे रक्त घेताना थोड्या तांबड्या कोशिका फुटल्या, तरी आकडा फसवा ठरतो. ऊतकांत तांबे-जस्तयुक्त व मँगॅनीजयुक्त असे दोन्ही प्रकार असतात. सायनाइडाने पहिल्याचे कार्य थांबते, दुसऱ्याचे थांबत नाही. यावरून ते वेगळे मोजता येतात.

मापन अचूक असले, तरी त्याचा अर्थ सरळ नसतो. क्रियाशीलतेतील वाढ ही ताणाला कोशिकेने दिलेला प्रतिसाद असू शकते. काही कुटुंबांत आढळणारा ॲमिओट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस हा तंत्रिका-विकार तांबे-जस्तयुक्त एंझाइमाच्या जनुकातील उत्परिवर्तनांशी निगडित असल्याचे १९९३ मध्ये आढळले. क्रियाशीलता घटल्याने तो होत असावा, असे प्रथम वाटले. परंतु बदललेले मानवी जनुक घातलेल्या उंदरांत एंझाइमाची क्रियाशीलता वाढूनही तसाच विकार उद्‌भवला. त्यामुळे पद्धत, नमुना व एककाची व्याख्या यांच्या उल्लेखाविना दिलेला, किंवा इतर निर्देशकांची जोड नसलेला एकटा आकडा ऑक्सिडीकारक ताणाचा पुरावा मानता येत नाही.