१७ फेब्रुवारी २००५ : सख्ख्या भावांचे वैर

जपानच्या ‘कॅपकॉम’ कंपनीचा ‘डेव्हिल मे क्राय ३’ हा व्हिडिओ गेम १७ फेब्रुवारी २००५ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. दिग्दर्शक होते हिदेआकी इत्सुनो. मालिकेतला हा तिसरा गेम, पण कथा पहिल्या गेमच्याही आधीची. दैत्य पिता आणि मानवी माता यांचे जुळे मुलगे दान्ते व व्हर्जिल एकमेकांवर तलवार उपसतात. व्हर्जिलला वडिलांची शक्ती हवी असते. शेवटी कड्यावरून पडणाऱ्या भावाला धरायला दान्ते हात पुढे करतो. व्हर्जिल तोच तळहात चिरतो आणि पाताळात नाहीसा होतो. २००६ च्या विशेष आवृत्तीत व्हर्जिल होऊनही खेळता येऊ लागले.

पुण्याच्या शनिवार पेठेला घरातल्या वैराची ही गोष्ट परकी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांचे सख्खे काका राघोबादादा यांना दोषी ठरवले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक वाड्यात रात्री घुमते, अशी आख्यायिका आजही सांगतात. सत्तेची हाव घरात शिरली, की पहिला घाव रक्ताच्या नात्यावरच पडतो.