नागपूरची थंडी आणि सायकलस्वाराचे कपडे

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. थंडीची चर्चा निघाली की आपण असे किमान तापमानाचे आकडे सांगतो. सायकलस्वाराला ते पुरत नाहीत. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. त्यामुळे जमीन रात्री झपाट्याने निवते आणि उन्हात तितक्याच झपाट्याने तापते. पहाटे १० ते १२ अंश आणि दुपारी २८, हे इथे डिसेंबर-जानेवारीत नेहमीचेच. कपडे निवडायचे ते या चढउताराचा हिशेब करून.

त्यात सायकलस्वार आपला वारा आपणच तयार करतो. पानही हलत नसले तरी ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याच्या छातीवर तेवढ्याच वेगाचा वारा आदळतो. वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याच्या प्रचलित सूत्राप्रमाणे ८ अंशांची हवा तेव्हा उघड्या त्वचेला ५ अंशांसारखी लागते. दुसरीकडे, स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो. उरलेल्याची उष्णता होते. पेडलवर १०० वॅट लावणारा माणूस पोटात ३०० वॅटची शेगडी घेऊन निघालेला असतो. समोरून गारठा, आतून उकाडा, असा हा पेच आहे.

सुती बनियन आणि वर जाड स्वेटर हा आपला घरगुती बंदोबस्त इथेच फसतो. विणीच्या टाक्यांतून वारा आरपार जातो, म्हणून सुरुवातीला छाती गारठते. सेमिनरी हिल्सचा चढ लागला की घाम फुटतो, बनियन तो पिऊन बसते आणि पाठीला चिकटते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. उतारावर पाय थांबतात, वारा वाढतो आणि जी हुडहुडी भरते, तिचा दोष आपण उगाच हवेला देतो. चहाच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहिलात तरी हाच अनुभव येईल.

म्हणून अंगालगत घाम न धरणारी पॉलिएस्टरची किंवा बारीक लोकरीची बनियन, आणि वर वारा अडवणारे, पुढून चेन उघडता येणारे पातळ विंडचीटर. मधला थर पारा दहाच्या खाली गेला तरच. विंडचीटर नसेल तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालावी. युरोपातले शर्यतपटू घाट उतरताना हेच करत आले आहेत. पाठ मोकळी राहिली तरी चालते, तिथे वारा लागत नाही.

हातांची गोष्ट वेगळी. मांड्या राबत असतात, बोटे मात्र हँडलवर निश्चल आणि थेट वाऱ्यात; शिवाय थंडीत शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आधी आखडते. बधिर बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो, तेव्हा हातमोजे चैनीत मोजू नयेत. गुडघ्यांवरही मांस थोडे, ते झाकावेत. कानांना पातळ पट्टी पुरे. माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, आणि त्या दोहोंत निवड करायची तर मी टोपी घरी ठेवीन.

घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊब वाटली तर एक थर जास्त झाला. शून्याखालच्या हवेसाठी शिवलेली महागडी परदेशी जाकिटे नागपुरात बहुतेक निरुपयोगी. नऊ वाजता वर्धा रोडवर ऊन चढले की ती अंगात ठेवता येत नाहीत आणि घडी करून खिशातही मावत नाहीत.