नकाशा बोलतो केव्हा?

आकडे नकाशावर मांडले की ते आपोआप समजू लागतात, असा एक समज आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. एकाच वस्तीतील एकाच साथीचे दोन नकाशे पाहिले म्हणजे हे ध्यानात येईल.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनमधील सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची साथ उसळली आणि दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेने पटकी होते, हे तत्कालीन बहुतेक विद्वानांचे मत. नव्या गटारांनी प्लेगची जुनी दफनभूमी उकरली म्हणून साथ आली, अशी रहिवाशांची ओरड होती. तेव्हा गटार खात्याचे अभियंते एडमंड कूपर यांनी गटारे, त्यांची तोंडे, ती दफनभूमी आणि मृत्यू झालेली घरे, सारे एका नकाशावर मांडले. गटारांचा दोष नाही एवढे त्यातून सिद्ध झाले. पण मग दोष कशाचा, हे काही त्या रेषांच्या गर्दीतून दिसेना.

रोग पाण्यातून पसरतो, असे म्हणणाऱ्या डॉ. जॉन स्नो यांनी नकाशाला एकच प्रश्न विचारला: मेलेली माणसे पाणी कोठून भरत होती? रस्ते, पाण्याचे पंप आणि प्रत्येक मृत्यूला घरापाशी एक काळी आडवी रेघ, एवढेच त्यांनी ठेवले. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती रेघांची चळत उभी राहिली.

परंतु जेथे वस्ती दाट तेथे रेघाही दाटच असणार, हा आक्षेप उरतोच. त्याला उत्तर मिळाले ते न मेलेल्यांकडून. शेजारच्या गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) ५३५ माणसे असून मृत्यू अवघे पाच. तेथे स्वतःची विहीर होती. मद्याच्या कारखान्यातील सत्तरांवर कामगारांपैकी एकही मेला नाही. ते त्या पंपाचे पाणी पीतच नसत. पुढच्या नकाशात स्नो यांनी आणखी एक रेषा काढली. पायी चालत गेल्यास कोणत्या घरांना हाच पंप सर्वांत जवळ पडतो, ते ती दाखवी. बहुतेक मृत्यू तिच्या आत होते.

नकाशाने साथ थांबवली, ही मात्र दंतकथा होय. पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला काढला, तेव्हा साथ ओसरू लागली होती; नकाशा छापला गेला १८५५ साली. सरकारी आरोग्य मंडळाला तरीही तो पटला नाही. पटला तो हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाला. आरंभी तो विरोधातच होता. घरोघर हिंडून चौकशी केल्यावर त्याचे मत पालटले. स्नो १८५८ साली वारले. पटकीचा जंतू कलकत्त्याच्या तलावाच्या पाण्यात रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८४ साली.

दाट वस्तीची ही अडचण आपल्या जिल्हावार रंगीत नकाशांत उलट बाजूने येते. गडचिरोली जिल्हा सुमारे १४,४०० चौरस किलोमीटरांचा, मुंबई शहर जिल्हा १५७ चा. पण २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत माणसे पावणेअकरा लाख, तर मुंबई शहरात सुमारे एकतीस लाख. रंग भरला की डोळ्यांत भरते ती जमीन. माणसे दिसत नाहीत.

म्हणून नकाशापुढे बसताना तीन प्रश्न विचारावेत: यात मोजले काय, कितींपैकी मोजले, आणि वगळले काय? त्यांची उत्तरे जो देतो तो नकाशा बोलतो. बाकीचे भिंतीवर शोभतात.