पॅनेल-डॉक्टरांच्या अटी आणि तारापूरचा कामगार

कामगार व मालक यांच्या वर्गणीतून आणि शासनाच्या साहाय्यातून चालणाऱ्या योजनेत खाजगी डॉक्टरला प्रवेश द्यावयाचा, तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न वरवर पाहता कारभाराचा वाटतो. वस्तुतः त्या अटींत कामगाराच्या जीवनाविषयीचे एक गृहीत दडलेले असते. ते मुंबईच्या गिरणगावात कसे रुजले आणि बोईसर-तारापूरसारख्या नव्या औद्योगिक क्षेत्रात कसे अपुरे पडते, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

या पद्धतीचे मूळ ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात आहे. तत्पूर्वी कामगारांची परस्परसाहाय्य मंडळे अल्प मोबदल्यावर डॉक्टर नेमीत. नव्या कायद्याच्या वेळी डॉक्टरांनी या मंडळांच्या ताब्यातून मुक्तता, रुग्णास डॉक्टर निवडण्याची मोकळीक व पुरेसा मोबदला मागितला. त्या वादातून स्थानिक यादीची, म्हणजे 'पॅनेल'ची, व्यवस्था स्थिरावली.

भारतात प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा संमत झाला. कायद्याच्या ५८ व्या कलमाने उपचारांची जबाबदारी राज्य शासनावर टाकली, परंतु महामंडळाच्या संमतीने खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यांतून उपचार देण्याचीही मुभा ठेवली. १९५४ मध्ये नागपुरात योजनेने पगारी डॉक्टरांचे दवाखाने उघडले. त्याच वर्षी मुंबईत मात्र पॅनेलपद्धती आली. मुंबईत चाळीजवळ दवाखाना असलेले डॉक्टर पुष्कळ होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

पॅनेलवरील डॉक्टर नोंदणीकृत असावा, त्याचा दवाखाना विमेदारांच्या वस्तीत असावा, त्याने विमेदाराकडून शुल्क घेऊ नये, अशी या पद्धतीची चौकट होती. मोबदला भेटींवर नव्हे, तर यादीतील नावांवर ठरे. त्यामुळे अनावश्यक भेटी वाढविण्याचे प्रलोभन टळे. परंतु यादी मोठी आणि तपासणी त्रोटक, हा धोका उरे. म्हणूनच यादीवर मर्यादा आवश्यक ठरली. शिवाय आजारपणाचा रोख लाभ वैद्यकीय दाखल्यावर अवलंबून असल्याने डॉक्टर एकाच वेळी रुग्णाचा आधार आणि निधीचा राखणदार बनला. दाखला नाकारला तर मजुरीही बुडे व लाभही.

आता तारापूर पाहू. येथे १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. कामगार कोणी पालघर-वाणगावकडून रेल्वेने येणारा, कोणी पाड्यावरून, कोणी उत्तरेकडील प्रांतांतून आलेला कंत्राटी. स्थिर वस्ती आणि जवळचे अनेक डॉक्टर, ही पॅनेलची दोन्ही गृहीते येथे ढिली होतात. कंत्राटदार बदलला, नोंदणीत खंड पडला, तर निवडीचा हक्क कागदावरच राहतो. रसायनांमुळे होणारा व्यवसायजन्य रोग वेळीच ओळखला न गेल्यास कायद्याने देऊ केलेली भरपाईही हाती येत नाही. २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु केवळ जिल्हा झाल्याने डॉक्टरांची वाण भरून निघत नाही.

सारांश, प्रवेशाच्या अटी डॉक्टरची पात्रता ठरवितात. कामगाराला डॉक्टर लाभेलच, याची हमी त्या देत नाहीत. मुंबईत ही उणीव शहराने झाकली होती. बोईसरच्या रस्त्यावर ती उघडी पडते.