पातेल्यातला समुद्र

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. घरी आलेले सगळे नातेवाईक आधी तळघरात जाऊन टाकी बघतात आणि वर येऊन एकच प्रश्न विचारतात, "हे खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून?" खरं तर हे खूळ माझं नाहीच. पावणेदोनशे वर्षं जुनं आहे. त्याचीच हकीकत सांगतो. थोडी माझीही आहे त्यात, पण ती मध्येच येईल.

आधी टाकीबद्दल, ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात 680 लिटरची काचेची टाकी आहे. पाणी नळाचंच, पण गाळून शुद्ध केलेलं आणि त्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ. म्हणजे नुसतं मीठच वीस किलोच्या वर. हे आपलं जेवणातलं मीठ नव्हे, समुद्रात असतात तेवढे सगळे क्षार मोजून घातलेलं मिश्रण. त्यात दगड, दगडांवर प्रवाळ, आणि दोन-चार मासे. लोकांना वाटतं टाकी माशांसाठी आहे. मासे पाहुणे आहेत, घर प्रवाळांचं आहे.

तर गोष्ट सुरू होते 1846 साली, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की गावात. अ‍ॅना थिन नावाची एक बाई, लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतल्या पाद्र्याची बायको, सुट्टीवर गेली होती. किनाऱ्याच्या खडकांत तिला जिवंत प्रवाळ सापडले. बोटाच्या पेराएवढे, एकेकटे राहणारे. तिला ते घरी न्यावेसे वाटले. समुद्री जीव शहरात नेऊन जगवायचे कसे, हे तेव्हा फारसं कुणालाच माहीत नव्हतं. (सिसिलीत जाँ व्हिलप्रो-पॉवर या बाईंनी 1832 च्या सुमारास काचेच्या पेट्यांत समुद्री जीव ठेवून अभ्यास केला होता, पण ते समुद्राच्या काठावर.) थिनबाईंनी काय करावं? सुईदोरा घेतला आणि ते प्रवाळ एका मोठ्या स्पंजला टाचून टाकले, म्हणजे चारी बाजूंनी पाणी खेळतं राहील. आणि आणले लंडनला.

लंडनमध्ये समुद्र नव्हता. आणलेलं पाणी संपलं की संपलं. जुनं पाणीच ताजं ठेवायचं तर त्यात हवा मिसळायला हवी. मग रोज उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात, त्या भांड्यातून या भांड्यात ओतायचं. अर्धा-पाऊण तास. अर्थात बाईसाहेब स्वतः ओतत नव्हत्या. त्यांची एक पोरसवदा मोलकरीण होती, ती ओतायची. बाईंनी पुढे 1859 साली याबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात लिहिलंय की काम दमवणारं होतं खरं, पण त्या मुलीला त्याची गंमतच वाटायची. आता तिला गंमत वाटायची की नाही हे तिलाच विचारायला हवं होतं. असो. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातलं, आणि वनस्पतींनी प्राणवायूचं काम बरंचसं आपल्याकडे घेतलं. ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले आणि त्यांना पिल्लंही झाली.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. कारण ते ओतणं मी पाहिलं होतं.

ऑक्टोबर 2012. आई मालवणहून आमच्याकडे आली होती. 29 तारखेला संध्याकाळी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रात्री आमची वीज गेली. ती सहा दिवस आली नाही. वीज गेली म्हणजे टाकीतले पंप बंद, हीटर बंद, दिवे बंद. दिव्यांचं इतकं वाईट नाही, प्रवाळ चार दिवस अंधारात तग धरतात. पण पाणी हललं नाही तर त्यात प्राणवायू शिरत नाही. हवा आणि पाणी यांची देवाणघेवाण फक्त पृष्ठभागावर होते, आणि टाकीतले सगळे जीव, दगडांतले अब्जावधी जीवाणूसुद्धा, श्वास घेतच असतात. काही तासांत घुसमट सुरू होते. आधी मासे वर येऊन तोंडं उघडतात. एकाने जीव सोडला की तो कुजतो, कुजण्याला आणखी प्राणवायू लागतो, आणि मग सगळंच कोसळतं.

मी बॅटरीवर चालणारा पंप घेऊन ठेवला नव्हता. घेऊ घेऊ म्हणत राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, पेट्रोल पंपांवर रांगा. मी टाकीसमोर नुसता बसलो होतो. आई वरून मोठं पातेलं घेऊन आली. म्हणाली, चहा निववतात तसं करून बघ. आणि मी उठायच्या आत तिनेच सुरुवात केली. पातेलं बुडवायचं, हातभर उंच धरायचं, बारीक धार सोडायची. तास-दीड तासाने दहा मिनिटं. रात्रीसुद्धा आम्ही पाळ्या लावल्या. गॅसची शेगडी काडेपेटीने पेटत होती, म्हणून बाटल्यांत गरम पाणी भरून टाकीत तरंगत ठेवलं आणि काचेला घरातल्या गोधड्या गुंडाळल्या. आई त्यापूर्वी माझ्या या छंदाला हसायची. पहिल्यांदा टाकी बघितली तेव्हा म्हणाली होती, "दगडाक खंय जीव आसता?" आणि आता गुडघे दुखत असताना जिना उतरून त्याच दगडांना हवा घालत होती.

परत इतिहासाकडे येतो.

1845 साली ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा तोल कसा जमतो हे मांडलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं, त्यामागे फिलिप हेन्री गॉस होता. त्याने 1854 मध्ये 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक काढलं आणि हा शब्दच रुळवला. समुद्राचं पाणी घरी कसं बनवायचं याची कृतीही त्याने दिली. मग काय, घरोघरी टाक्या! आगगाडीत बसायचं, किनाऱ्यावर जायचं, खडकांतल्या डबक्यांतून जीव खरवडायचे आणि घरी येऊन मारायचे. (मारायचे असं कुणी म्हणत नसे, पण होत तेच होतं.) दहाएक वर्षांत हौस ओसरली. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 साली वडिलांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात तो हळहळलाय की लहानपणी पाहिलेली ती खडकांतली डबकी आता उरली नाहीत, आणि ती ओरबाडणारी फौज वडिलांच्या पुस्तकांनीच तिथवर आणली. गॉस स्वतः भाविक माणूस. देवाची करणी लोकांनी पाहावी म्हणून लिहीत होता बिचारा.

त्याच काळातला विल्यम अल्फर्ड लॉइड मला जास्त आवडतो. लंडनमध्ये त्याचं टाक्यांचं दुकान होतं. त्याच्या लक्षात आलं की दिसणाऱ्या टाकीपेक्षा न दिसणारं पाणी महत्त्वाचं. 1871 च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने खाली अंधारात मोठा हौद बांधला आणि पाणी वर-खाली फिरवत ठेवलं. माझ्या टाकीखालच्या कपाटात जी दुसरी टाकी आहे, ती याच हौदाची नात.

पण एक गोष्ट यांच्यापैकी कुणालाच जमली नाही: उष्ण समुद्रातले, खडक बांधणारे प्रवाळ घरात वाढवणं. थिनबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातले, त्यांना उजेडाची गरज नव्हती. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि भाडं म्हणून प्रवाळाला देतं. हा संसार नीट कळायलाच विसावं शतक उजाडलं.

1961 साली जकार्तातल्या ली चिन एंग या माणसाने एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. समुद्रातून जिवंत दगड आणायचे, म्हणजे जीवाणू आणि किड्यामुंग्यांसकट, समुद्राचंच पाणी, खिडकीतलं ऊन आणि हवेचे संथ बुडबुडे. बस्स. गाळणी नाही की यंत्र नाही. पाश्चात्त्य हौशी मंडळी तेव्हा पांढरेशुभ्र मेलेले प्रवाळ सजावटीला ठेवून ते आठवड्याला ब्लीचमध्ये धुवत होती. त्यांना हे पटेना, आणि त्यांच्या दाराशी समुद्रही नव्हता.

पुढचं काम जर्मन लोकांनी केलं. पीटर विल्केन्स आणि बर्लिनचा डिट्रिश श्टूबर यांनी 1970 आणि 80 च्या दशकांत जिवंत दगडांना प्रखर दिव्यांची आणि फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, काहीसं तसंच. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते, फेस होऊन वर येते, आणि पेल्यात जमा होते. (वासाबद्दल बायकोला विचारा.) श्टूबरच्या टाकीतल्या एका प्रवाळाच्या फांद्या तोडून हौशी लोकांनी एकमेकांना दिल्या, जास्वंदीच्या फांद्या देतात तशा, आणि तो युरोपभर पसरला.

विल्केन्सची आणखी एक युक्ती म्हणजे 'काल्कवासर'. प्रवाळाला सांगाडा बांधायला चुना लागतो, म्हणून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी हे द्रावण रात्री थेंब थेंब सोडायचं. मी महागडा डबा आणून, सूचना वाचून, मोठ्या गांभीर्याने ते बनवत होतो तेव्हा आईने शेजारी उभं राहून विचारलं, काय करतोयस? मी समजावलं: पावडर पाण्यात कालवायची, साका खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. ती म्हणाली, "म्हणजे चुन्याची निवळी." तिच्या लहानपणी मालवणात शिंपले भाजून चुना करायचे.

मालवणवरून आठवलं. पुण्याच्या भाच्याने विचारलं होतं, आपल्याकडे अशी टाकी करता येईल का? मासे ठेव, प्रवाळ नको. 2001 साली भारत सरकारने खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंगतीला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, ते तिथेच जाऊन बघ.

हे लिहिताना माझंही तोंड काळं आहेच. सँडीच्या आधी माझ्याकडे बांगाई कार्डिनल माशांची जोडी होती. चंदेरी अंगावर काळे पट्टे, नर पिल्लांना तोंडात वाढवतो. इंडोनेशियातल्या एका छोट्या द्वीपसमूहात मिळणारा हा मासा 1990 च्या दशकात हौशी बाजारात आला आणि 2007 पर्यंत धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. मी घेतला तेव्हा तो समुद्रातून पकडलेला आहे का, हे मी दुकानदाराला विचारलं नव्हतं. गॉसच्या वाचकांना मी कुठल्या तोंडाने हसू?

आणि तरीही याच खुळातून शिकलेल्या गोष्टी आता उपयोगी पडताहेत. लंडनच्याच हॉर्निमन संग्रहालयात 2013 साली टाकीतल्या प्रवाळांवर ऋतूंचं तापमान आणि चंद्राचा उजेड दिव्यांनी हुबेहूब खेळवून त्यांचं प्रजनन ठरवून घडवलं. 2023 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की रोपवाटिकांतले प्रवाळ उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांत आणावे लागले.

सँडीत आमचे फांद्यांचे सगळे प्रवाळ गेले. दोन दिवसांत पांढरे पडले. बांगाईची जोडी चौथ्या रात्री गेली, आईच्या पाळीत, आणि तिने सकाळपर्यंत मला सांगितलं नाही. मऊ प्रवाळ वाचले आणि विदूषक माशांची जोडी वाचली. ती टाकीतच जन्मलेली होती, समुद्र न बघितलेली. वाचलेल्यांतल्याच एका प्रवाळाचा आता परडीएवढा गुच्छ झालाय. बॅटरीचा पंप आता कपाटात आहे, दोन आहेत.

गेल्या महिन्यात फोनवर आईला थिनबाईंची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. खिडकीपाशी पाणी ओतणाऱ्या मुलीचं आलं तेव्हा तिने मध्येच थांबवलं.

"त्या चेडवाचा नाव काय?"

म्हटलं, थांब, बघून सांगतो. बाईंचा निबंध पुन्हा उघडला. त्यात प्रवाळांची नोंद आहे, कुठल्याला किती पिल्लं झाली तीही आहे. तिचं नाव नाही.