मेंदूच्या गाठीसाठी पेट स्कॅन: कोणता ट्रेसर आणि का?

मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया झाली, रेडिएशनही झाले. काही महिन्यांनी एमआरआयमध्ये त्याच जागी पुन्हा डाग दिसतो. गाठ परत आली, की रेडिएशनमुळे मेलेल्या पेशी दिसताहेत? एमआरआयवर दोन्ही सारखे दिसू शकतात, पण उपचार वेगळे असतात. अशा वेळी पेट स्कॅनची मदत होते.

ट्रेसर म्हणजे काय?
स्कॅनपूर्वी शिरेतून टोचला जाणारा अत्यल्प किरणोत्सर्गी पदार्थ. ज्या पेशी तो जास्त शोषतात, त्या चित्रात उजळ दिसतात.

नेहमीचा एफडीजी का पुरत नाही?
एफडीजी हे साखरेचे रूप आहे. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त वापरतात, पण निरोगी मेंदूही साखरेवरच चालतो. त्यामुळे सगळा मेंदूच उजळतो आणि संथ वाढणारी गाठ त्यात लपून जाते.

मग पर्याय कोणते?
• एफईटी, एफडोपा, मेथिओनिन: ही अमिनो आम्ले. निरोगी मेंदू ती कमी घेतो, म्हणून ग्लायोमा उठून दिसतो. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ग्लायोमासाठी एफडीजीपेक्षा यांना पसंती दिली.
• गॅलियम-६८ डोटाटेट: मेंदूच्या आवरणातील मेनिन्जिओमा या गाठीसाठी उपयुक्त.

बुलढाण्याच्या रुग्णाला मोठ्या शहरात का जावे लागते?
कारण ट्रेसर घड्याळाशी बांधलेला असतो. एफईटीमधील फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. मुंबईहून बुलढाण्यापर्यंत आठ तास लागले, तर जेमतेम ५ टक्के उरेल. मेथिओनिनमधील कार्बन-११ तर २० मिनिटांतच निम्मे होते. त्यासाठी सायक्लोट्रॉन रुग्णालयातच हवा. गॅलियम-६८ लहान जनरेटरमधून मिळते, त्याला सायक्लोट्रॉन लागत नाही. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. म्हणून औषध मलकापूर-शेगावला येण्याऐवजी रुग्णालाच तिथून रेल्वेने निघावे लागते.

निघण्यापूर्वी काय विचारावे?
• डॉक्टरांनी कोणता ट्रेसर लिहिला आहे आणि तो केंद्रात कोणत्या दिवशी मिळतो?
• किती तास उपाशी राहायचे? मधुमेहाची औषधे कशी घ्यायची?
• गर्भधारणा असल्यास किंवा बाळ अंगावर पीत असल्यास आधीच सांगावे.
• जुने एमआरआय, बायोप्सीचा अहवाल आणि रेडिएशनच्या तारखा सोबत ठेवाव्यात. त्यांच्याशिवाय डागाचा अर्थ लावणे अवघड जाते.

पेट स्कॅनही शंभर टक्के अचूक नसतो. शंका उरल्यास बायोप्सी करावी लागू शकते.